टीचर, हातूंत गेम आसा?

मागच्या वर्षीच्या चवथीला, दुसऱ्या दिवशी दुपारी, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. फोंड्याच्या बाजूला ज्या हायस्कुलात मी इतिहास शिकवत होते, तिथला. हल्ली तो परदेशात नोकरी करतो, चवथीला मात्र चुकत नाही. माटोळीखाली बसून नेवऱ्या खाऊन झाल्या, गावच्या गजाली झाल्या, आणि मग त्याने पिशवीतून दोन्ही हातांत धरायचे एक यंत्र काढले. मध्ये पडदा, दोन्ही बाजूंना बटणे. पडद्यावर घोडेस्वार, डोंगर, पाऊस, सगळे सिनेमात असावे तसे. मी म्हटले, छान आहे रे, पण मला ह्यातले काय कळते? तर म्हणाला, "टीचर, हें लिनक्स."

आम्ही दोघेही हसलो. तो का हसला आणि मी का हसले ह्याची कारणे मात्र वेगळी होती. ती सांगायची तर वीस-बावीस वर्षे मागे जावे लागेल. आणि एकदा मागे जायला लागले की इतिहासाच्या बाईला थांबवणे कठीण, हे माझे विद्यार्थी जाणतात.

२००३ च्या आसपासची गोष्ट. गोव्यातल्या शाळांत तेव्हा परदेशातून आलेले वापरलेले संगणक पोचू लागले होते. 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' ह्या नावाने परदेशस्थ गोमंतकीयांनी ती खटपट केली होती आणि त्या यंत्रांवर लिनक्स घालून देत असत. आमच्या शाळेलाही एका दात्याकडून असेच आठ जुने संगणक मिळाले, त्यांवरही लिनक्सच. गणिताच्या सरांचे तास भरलेले होते म्हणून प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे आली. मला तोवर संगणकाचे ज्ञान म्हणजे बँकेच्या काउंटरपलीकडे दिसे तेवढेच. पहिल्या दिवशी मुले आत शिरली, माऊस हलवून पाहिला आणि पहिला प्रश्न आला, "टीचर, हातूंत गेम आसा?"

गेम होते. पत्त्यांचे होते, माजाँग होता, लांबच लांब होत जाणारा साप होता. बर्फावरून घसरत जाणाऱ्या पेंग्विनचा 'टक्स रेसर' होता, पण आमच्या संगणकांत ग्राफिक कार्ड म्हणावे असे काही नव्हते, त्यामुळे पेंग्विन एक पाऊल घसरे आणि पुढच्या पावलापर्यंत आम्ही त्याच्याकडे बघत बसू. मुलांना हे खेळ नको होते. चुलतभावाच्या घरी किंवा सायबर कॅफेत पाहिलेले हवे होते. कुणीतरी बाजारातून सीडी आणली. सीडी आत गेली, त्यातल्या फायली दिसल्या, खेळ काही सुरू झाला नाही. "बेकार आसा हें," असा निकाल आठवीच्या वर्गाने दिला आणि तो आठवडाभरात शाळाभर झाला.

एकटा हा मुलगा मात्र बसून राहायचा. कुणीतरी घालून ठेवलेला 'नेटहॅक' नावाचा खेळ त्याला सापडला होता. त्यात चित्र नाही, आवाज नाही. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे. त्याचा खेळाडू म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असते ते ॲटचे चिन्ह. काही दिवसांनी तो मला म्हणाला, "टीचर, ह्या गेमाचो कोड मेळटा. हांव बदलून पळोवं?" मी म्हटले, आधी दहावी हो.

पुढे पालकांच्या सभेत तक्रार आली की शाळेत मुले खेळ खेळतात. ठरले की खेळ काढून टाकायचे. संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावले आणि मी स्वतः शेजारी उभी राहून आठही संगणकांवरचे सगळे खेळ पुसून घेतले. एक राहिला होता तो मीच दाखवून दिला.

ते मला बोचते आहे असे नाही म्हणवत, पण मी निवृत्तीनंतर ह्या विषयाचा इतिहास वाचायला लागले ते त्यामुळेच. आणि वाचायला लागल्यावर पहिल्याच पानावर चपराक बसली.

लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर बांधले आहे, त्या युनिक्सचा जन्मच एका खेळापायी झाला. १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन नावाच्या प्रोग्रॅमरने 'स्पेस ट्रॅव्हल' हा खेळ लिहिला होता. सूर्यमालेत यान चालवायचे आणि ग्रहांवर, चंद्रांवर उतरवायचे. प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकावर हा खेळ अडखळत चाले आणि एका डावाला सुमारे ७५ डॉलरचा संगणकवेळ खर्ची पडे. त्या काळचे ७५ डॉलर! मग थॉम्पसनने कोपऱ्यात पडलेला पीडीपी-७ नावाचा एक लहान संगणक शोधून काढला. त्याचा पडदा चांगला होता आणि त्याला कुणी विचारत नव्हते. डेनिस रिचीला हाताशी घेऊन त्याने खेळ त्यावर नव्याने लिहिला. ते करता करता ह्या यंत्राची नस कळली, आणि त्याच यंत्रावर, त्याच वर्षी, फायली ठेवायची, प्रोग्रॅम चालवायची नवी व्यवस्था त्याने उभी केली. तीच पुढे युनिक्स झाली. आज आपल्या खिशातले फोन, बँकांचे सर्व्हर, सगळे तिच्याच वंशावळीतले किंवा तिच्या वळणाचे.

म्हणजे मी झाडाखाली उभी राहून बी खणून काढत होते. असो.

युनिक्सवाल्यांनी खेळांना कधी लपवून ठेवले नाही. त्यांच्या संगणकांत खेळांसाठी वेगळा कप्पाच असे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन ह्या विद्यार्थ्यांनी 'रोग' लिहिला. तळघरात उतरायचे, अक्षरांच्या रूपातल्या राक्षसांशी लढायचे, मेलात तर पहिल्यापासून सुरुवात, आणि दर वेळी तळघर वेगळे. बर्कलेच्या केन अरनॉल्डने अक्षरे पडद्यावर हव्या त्या जागी मांडण्यासाठी एक साधन तयार केले होते, त्यावर हा खेळ उभा होता. पुढे अरनॉल्डही त्यात सामील झाला. 'रोग' बर्कलेच्या युनिक्सबरोबर विद्यापीठा-विद्यापीठांत पोचला. त्याच्या वंशात १९८७ साली 'नेटहॅक' आला, सोर्स कोडसकट सर्वांना खुला. आमच्या शाळेत मी पुसला तो हाच.

लिनक्सच्या जन्मकथेतही खेळ आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने जानेवारी १९९१ मध्ये नवा संगणक घेतला. त्याला हवी असलेली मिनिक्स ही प्रणाली यायला वेळ होता, तोवर तो 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळत बसला. मग मिनिक्स आली, ती अपुरी वाटली आणि त्याच वर्षी लिनक्सचा पहिला अवतार त्याने लोकांसमोर ठेवला.

आता खऱ्या गुंत्याकडे वळू. १९९३ च्या डिसेंबरात 'डूम' आला. हा खेळ चालत असे डॉसवर, पण तो तयार केला गेला तो स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर, आणि नेक्स्टची प्रणाली युनिक्सच्याच घराण्यातली. त्यामुळे दुसऱ्या प्रणालींवर तो नेणे फार अवघड नव्हते. १९९४ साली त्याच कंपनीतल्या डेव्ह टेलरने तो लिनक्सवर आणला. ह्यातून पैसे मिळणार नाहीत हे त्याने सोबतच्या टिपणात स्वतःच लिहून ठेवले होते. लिनक्स आवडते म्हणून केले, इतकेच. १९९७ च्या डिसेंबरात कंपनीने डूमचा सोर्स कोड जगाला देऊन टाकला, आणि दिला तो हाच, लिनक्सचा. कारण डॉसवरच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो वाटता येत नव्हता. गंमत पाहा: ज्या आवृत्तीने एक पैसा मिळवायचा नव्हता, तीच पुढच्या पिढ्यांना वारसा म्हणून मिळाली. आज डूम घड्याळापासून प्रिंटरपर्यंत कशावरही चालवून दाखवतात तो ह्याच्याच बळावर.

त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टला मात्र वेगळी चिंता होती. खेळ लिहिणारे विंडोजला हात लावत नव्हते. डॉसमध्ये खेळाला संगणकाच्या पडद्याशी, आवाजाशी थेट बोलता येई; विंडोज मध्ये येऊन बसे आणि सगळे मंदावे. कंपनीतला गेब न्यूएल नावाचा अधिकारी पुढे सांगत असे की लोकांच्या संगणकांवर काय काय आहे ह्याची पाहणी केली तेव्हा विंडोजपेक्षा डूम अधिक ठिकाणी दिसला. मग ह्याच न्यूएलच्या हाताखाली डूम विंडोज ९५ वर आणण्यात आला. बिल गेट्स स्वतः लांब कोट घालून, हातात बंदूक घेऊन डूमच्या पार्श्वभूमीवर जाहिरातीच्या चित्रफितीत उभे राहिले. आणि १९९५ मध्येच 'डायरेक्टएक्स' आले. हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आमच्या प्रयोगशाळेत सीडी का चालली नाही ह्याचे उत्तर इथे आहे. डायरेक्टएक्स म्हणजे खेळाने संगणकाशी बोलायची एक ठरलेली बोली. 'इथे त्रिकोण काढ, त्यात हा रंग भर, हा आवाज वाजव', सगळे ह्या बोलीत सांगायचे. समोर कुठलेही कार्ड असो, विंडोज ते समजावून देईल. खेळ लिहिणाऱ्यांचे कष्ट एकदम कमी झाले. पण ही बोली फक्त विंडोजला कळे. ज्याने ह्या बोलीत खेळ लिहिला तो विंडोजच्या गावातलाच झाला.

ओपनजीएल नावाची दुसरी बोली १९९२ पासून होती आणि ती सगळीकडे चाले. डूमवाल्या आयडी कंपनीने पुढे क्वेकसाठी ती धरून ठेवली, म्हणून त्यांचे खेळ लिनक्सवर येत राहिले. बाकी बहुतेक बाजार डायरेक्टएक्सकडे गेला. मॅकचेही फारसे वेगळे झाले नाही. 'मिस्ट' हा त्या काळचा प्रचंड खपलेला खेळ १९९३ साली मॅकवरच घडला. बंगी ह्या कंपनीने 'मॅरॅथॉन' मॅकसाठीच काढला आणि १९९९ च्या जुलैत 'हेलो' प्रथम दाखवला तोही मॅकच्या मेळाव्यात. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बंगी विकत घेतली आणि हेलो एक्सबॉक्सचा झाला. नवरी आमची, वरात त्यांची.

लिनक्सवर खेळ विकायचा पहिला मोठा उद्योग केला तो लोकी सॉफ्टवेअरने. स्कॉट ड्रेकर ह्या पेशाने वकील असलेल्या गृहस्थाने ही कंपनी १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात काढली. दुसऱ्यांचे गाजलेले खेळ परवाना घेऊन लिनक्सवर आणायचे आणि खोक्यात घालून विकायचे, असा बेत. १९९९ मध्ये 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर' आला, मागोमाग 'रेलरोड टायकून २', 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', 'क्वेक ३', 'सिमसिटी ३०००'. काम उत्तम, पण धंदा बसेना. विंडोजची आवृत्ती आधी बाजारात येई, लिनक्सची मागाहून. लिनक्स वापरणाऱ्यांपैकी कित्येकांच्या संगणकात खेळण्यासाठी म्हणून एका बाजूला विंडोज ठेवलेले असेच. ते थांबतील कशाला? ज्याला दोन घरे त्याला दोन्हीकडे भाडे भरायची हौस नसते. ऑगस्ट २००१ मध्ये लोकीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जानेवारी २००२ मध्ये दार बंद झाले. आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा ती कंपनी जाऊन वर्ष उलटले होते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. कारण लोकीचे खोके आपल्याकडे पोचले असते तरी कुणी घेतले असते? अमेरिकेत लिनक्सची बाजू मांडणारे म्हणत, हे मोफत आहे. गोव्यात हा मुद्दा जागच्या जागी मरे. विंडोज कुठे विकत घेतले होते कुणी? संगणक जोडून देणारा ते घालूनच देई, खेळांची सीडी शंभर-दीडशेला मिळे, आणि एकाने घेतली की वाड्यावरच्या सगळ्यांची होई. माझ्या स्वतःच्या घरच्या संगणकावरही तसेच विंडोज होते, हे लपवून काय उपयोग? जिथे चोरीचा मालही फुकटच मिळतो, तिथे लिनक्सचा मोठेपणा मोफत असण्यात नव्हताच. तो होता त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नात: कोड मिळतो, बदलून पाहू? आणि तो प्रश्न मला कळला नाही.

बाजाराने पाठ फिरवली तरी हौशी लोक लिहीत राहिले. डेन्मार्कच्या तीन विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये 'फ्रीसिव्ह' सुरू केला. कॅनडात वॉटर्लू विद्यापीठातल्या जॅस्मिन पॅट्रीने टक्स रेसर लिहिला, २००० मध्ये. 'एक्सबिल' नावाच्या एका खट्याळ खेळात बिल नावाची लहान लहान माणसे आपली प्रणाली खांद्यावर घेऊन धावत येतात आणि दुसऱ्यांच्या संगणकांत घालू पाहतात. आपण त्यांना टिचकीसरशी चिरडायचे. (मी खेळून पाहिला. फार समाधान होते.) बिल केंड्रिकचा 'टक्स पेंट', २००२ चा, खेळ म्हणावा की रंगपेटी हे ठरवता येत नाही, पण लहान मुले त्यात रमतात. तो मराठीत आहे आणि कोंकणीतही आहे, तेही देवनागरीत वेगळा आणि रोमीत वेगळा. ज्या लिपीवरून आपण इतकी वर्षे भांडलो, तिथे एका पेंग्विनने दोन्ही पाट मांडून ठेवले.

पण हौसेने 'फ्रीसिव्ह' होतो, सिनेमासारखे घोडेस्वार होत नाहीत. त्यांना शेकडो माणसे आणि पैसा लागतो, आणि ती माणसे विंडोजच्या बोलीतच लिहिणार. मग उरतो एकच मार्ग, दुभाष्याचा.

आपल्याला दुभाषी नवे नाहीत. पोर्तुगीज राजवटीत मराठ्यांची मोडी पत्रे वाचून सांगायला आणि उत्तरे लिहायला सरकारी दुभाषी नेमलेले असत. गव्हर्नर मराठी शिकला नाही, पेशवे पोर्तुगीज शिकले नाहीत, तरी तह झाले. 'वाइन' हा असाच दुभाषी. १९९३ मध्ये बॉब ॲमस्टाट आणि एरिक यंगडेल ह्यांनी त्याची सुरुवात केली आणि १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलिआर ह्यांनी तो सांभाळला आहे. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम म्हणतो, 'मला अमुक फाईल उघडून दे'. वाइन ते ऐकतो आणि लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतो. विंडोजची एक ओळही चोरायची नाही. बाहेरून वागणे पाहून तसेच वागणारे नव्याने लिहायचे. विंडोजकडे अशी हजारो वाक्ये, त्यातली कित्येक कागदावर कुठेच नाहीत, आणि समोरचा दर दोन-तीन वर्षांनी भाषा बदलणार. वाइनची पहिली पक्की आवृत्ती, १.०, निघाली ती जून २००८ मध्ये. पंधरा वर्षे! मधल्या काळात ट्रान्सगेमिंग नावाच्या कंपनीने वाइनवरून खेळांसाठी वेगळी आवृत्ती काढली. दरमहा वर्गणी भरा आणि कुठला खेळ पुढे चालवायचा ह्यावर मत द्या, अशी सोय. पण डायरेक्टएक्सवर केलेले त्यांचे काम मूळ वाइनकडे पूर्णपणे परत येईना. तेव्हा २००२ मध्ये वाइनवाल्यांनी परवानाच बदलला: जो सुधारणा वाटेल त्याने त्या खुल्याही ठेवाव्यात. त्या वेळी ह्या निर्णयावर बरीच भांडणे झाली. ट्रान्सगेमिंगची ती सेवा २०११ मध्ये बंद पडली. वाइन चालू आहे.

ह्यानंतर गोष्टीत परत येतो तो गेब न्यूएल. डूम विंडोजवर नेणाराच. १९९६ मध्ये त्याने मायक्रोसॉफ्ट सोडून व्हॉल्व्ह ही कंपनी काढली. तिचे २००३ मध्ये सुरू झालेले स्टीम नावाचे दुकान इंटरनेटवरून खेळ विकते आणि आज संगणकांवरच्या खेळांचे ते सर्वांत मोठे दुकान आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले, त्यात मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे दुकान होते. दुसऱ्याच्या अंगणात आपण दुकान मांडले आहे आणि मालक आता स्वतः विकायला बसतोय, हे न्यूएलने ओळखले. विंडोज ८ हे अरिष्ट आहे असे तो जाहीरपणे म्हणाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. त्याच्या आदल्या वर्षी कंपनीने दाखवून दिले होते की 'लेफ्ट ४ डेड २' हा त्यांचा खेळ एकाच यंत्रावर विंडोजमध्ये सेकंदाला सुमारे २७० चित्रे काढतो आणि लिनक्सवर ३१५. म्हणजे लिनक्सला खेळ झेपत नाहीत, हे खरे नव्हतेच कधी.

तरी पहिला घाव फुकट गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेली 'स्टीम मशीन' नावाची यंत्रे कुणी फारशी घेतली नाहीत; आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कंपन्यांनी लिनक्ससाठी खेळ लिहावेत ही अपेक्षा लोकीच्या वेळी फसली तशीच इथेही फसली. मग व्हॉल्व्हने दुभाष्याला घरात घेतले. फिलिप रेबोले ह्या जर्मन तरुणाने 'नियर: ऑटोमाटा' हा एक खेळ लिनक्सवर खेळता यावा म्हणून 'डीएक्सव्हीके' लिहायला घेतले होते. डायरेक्टएक्सची चित्रांची बोली तो व्हल्कन ह्या नव्या, सर्वांना खुल्या बोलीत भाषांतरित करी. व्हॉल्व्हने त्याला कामाला लावले, वाइनवर काम करणाऱ्या कोडवीव्हर्सला सोबत घेतले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' बाहेर आला. सुरुवातीला फक्त २७ खेळांची हमी होती. त्या यादीत डूम २ होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टीम डेक निघाले, चवथीला माझ्या ओसरीवर आले ते यंत्र. आत लिनक्स, वर विंडोजचे खेळ. आणखी एक नाव ह्यात सांगायलाच हवे. लोकीत काम करणाऱ्या सॅम लँटिंगाने तेव्हा एसडीएल नावाचे एक साधन लिहिले होते, खेळ कुठल्याही प्रणालीवर नेणे सोपे व्हावे म्हणून. लोकी बुडाली, एसडीएल राहिले. टक्स पेंट त्यावरच चालतो. २०१२ मध्ये लँटिंगाही व्हॉल्व्हमध्ये आला.

स्टीमवर खेळणाऱ्यांत लिनक्सचे प्रमाण २०१८ मध्ये एक टक्क्याहूनही कमी होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पहिल्यांदा तीन टक्क्यांपलीकडे गेले. माझ्या विद्यार्थ्याला हा विजय वाटतो. मला तितके वाटत नाही, आणि ह्यावर आम्ही नेवऱ्यांची दुसरी फेरी होईपर्यंत वाद घातला. माझे म्हणणे असे की दुभाषी इतका चांगला झाला की आता कुणी लिनक्सची भाषा शिकतच नाही. पूर्वी लिनक्ससाठी वेगळा खेळ काढणारे होते, तेही आता म्हणतात, प्रोटॉनवर चालतो ना, मग झाले. आणि सगळे पुन्हा एकाच दुकानावर अवलंबून, फक्त दुकानदार बदलला. शिवाय काही खेळ मुद्दाम दार लावून बसतात. फसवणूक पकडणारे जे पहारेकरी ऑनलाइन खेळांत बसवतात, ते प्रोटॉनवर चालवायची सोय २०२१ मध्ये झाली, तरी कंपनीने परवानगी दिली तरच. 'एपेक्स लेजंड्स' लिनक्सवर उत्तम चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याच्या कंपनीने लिनक्सवाल्यांना बाहेर काढले. कारण दिले की फसवणारे तिकडून येतात.

तो म्हणाला, "पूण टीचर, प्रोटॉनाचो कोड मेळटा." तेही खरे. उद्या ते दुकान बंद पडले तरी वाइनमध्ये गेलेले काम जाणार नाही, लोकीचे गेले नाही तसे.

मग मी विचारले ते मला कधीचे विचारायचे होते. तेव्हा मी ते सगळे पुसून टाकले, तुला काय वाटले? तो म्हणाला, काही नाही, त्याने नेटहॅक आधीच एका फ्लॉपीवर घेऊन ठेवला होता, कोडसकट, आणि सुट्टीत मामाच्या ऑफिसातल्या संगणकावर बसून बदलला होता. काय बदललेस? "राक्षसांची नांवां," म्हणाला, आणि आमच्या शाळेतल्या दोन-तीन शिक्षकांची नावे घेतली. माझे घेतले नाही. मी विचारलेही नाही.

त्याने यंत्राला एक छोटा कीबोर्ड जोडला, घोडेस्वार बंद केला आणि काळा पडदा उघडला. मध्ये ते ॲटचे चिन्ह, शेजारी एक बारीक 'डी'. तो कुत्रा, आपल्याबरोबर येतो, असे त्याने सांगितले. मी बाणाचे बटण दाबले तर ॲट भिंतीला आपटला. दार कुठे आहे ते शोधायला मला बराच वेळ लागला, तोवर 'डी' माझ्याभोवती घुटमळत होता. आतून जावेने आरतीला हाक मारली.

"फुडें वचात, टीचर," तो म्हणाला, "हांव सांबाळटां."

तिसऱ्या मजल्यावर मला एका उंदराने मारले.